सक्तीच्या रकान्यास अनावृत पत्र

तीर्थरूप रकानासाहेबांस,

शि. सा. न. वि. वि.

मायन्यालाच अडलो होतो. मी सत्तेचाळीस वर्षांचा, आपण फार तर दोन अपडेटांपूर्वी जन्मलेले. खरं तर 'चिरंजीव' लिहायला हवं. पण सध्या आमची पोळी आपल्या हाती आहे, म्हणून तीर्थरूप.

नोकरीच्या अर्जात 'सध्याचा पगार' या शब्दांच्या डोक्यावर जी लाल चांदणी असते, ती मिरवणारे ते आपण. चांदणी म्हणजे सक्ती. वडिलांचं नाव चुकलं तरी अर्ज पुढं सरकतो, आपण रिकामे राहिलात की सरकत नाही.

माझा सध्याचा पगार शून्य आहे. चाकणच्या एका कारखान्यात खरेदी विभागात एकोणीस वर्षं होतो. यंदा मार्चअखेरच्या मोजदादीत मी जादा निघालो. तेव्हा प्रामाणिकपणे ० भरला. आपण लाल झालात : 'कृपया योग्य रक्कम भरा.' रक्कम योग्यच होती, साहेब. पसंत मलाही नव्हती. शून्याची बेरीज-वजाबाकी कशी करायची ते ब्रह्मगुप्तानं ६२८ साली लिहून ठेवलंय, आपल्यापर्यंत पोचलं नसावं. मग १ भरला. आपण लगेच हिरवे.

दुसऱ्या दिवशी एका एजन्सीतून मुलीचा फोन.

"सर, करंट सॅलरी एक रुपया, बरोबर?"

"साधारण तेवढीच."

"एक्स्पेक्टेशन?"

मी जुना पगार सांगितला.

"सॉरी सर, करंटवर तीस टक्क्यांच्या वर आम्ही जात नाही."

"म्हणजे एक रुपया तीस पैसे."

"पर मंथ की पर ॲनम, सर?"

ती थट्टा करत नव्हती. तिच्याही समोर एखादा चांदणीवाला रकाना असणार.

आपले शेजारी 'नोकरी सोडण्याचं कारण' यांनाही नमस्कार सांगा. तिथं मी 'वैयक्तिक' असं लिहितो, कारण एचआरच्या केबिनमध्ये माझ्याकडून तसंच टाइप करून घेतलं. माणूस कमी केला तर महिन्याची नोटीस आणि भरलेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातच होतं. राजीनाम्याला यातलं काही लागत नाही. शिवाय ते सगळं कामगारासाठी, आणि मी पडलो 'डेप्युटी मॅनेजर'. हाताखाली एक ट्रेनी, तोही स्टोअर्सबरोबर अर्धा अर्धा वाटून घेतलेला. त्या बढतीचे पेढे मीच वाटले होते. ग्रॅच्युइटी तेवढी मिळाली. पाच वर्षं भरलेल्याची ती राजीनामा दिला तरी बुडत नाही.

आता आपल्या भाऊबंदांची गोष्ट. भविष्य निर्वाह निधीकडे आपले एक चुलतभाऊ असतात, 'नोकरी सोडल्याची तारीख'. ती भरायची कंपनीनं. कंपनी विसरली. आपली आपण भरता येते, पण शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी. तोवर त्यांच्या दप्तरी मी नोकरीत. त्यांच्या मते मी नोकरी सोडलेलीच नाही, आपल्या मते बिनपगारी माणूस संभवतच नाही. आपल्या घराण्यात माझी बेकारी कबूल करणारं कुणी नाही. बँकेला तेवढी पटली, पाच तारखेला.

कंपनीची बस सात दहाला आमच्या कोपऱ्यावर यायची. मी जायचा थांबल्यावर चार दिवस ड्रायव्हरनं सवयीनं हॉर्न दिला. पाचव्या दिवशी दिला नाही. मी गॅलरीतच उभा होतो.

खाली सोसायटीतले काका विचारतात, "काय, वर्क फ्रॉम होम वाटतं?" मी हो म्हणतो. दळण, लाइटबिल, धाकट्याला क्लासला सोडणं. घरून चालतं ते कामच. बायकोला इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, हे तिनं परवा शांतपणे लक्षात आणून दिलं.

तर विनंती. चांदणी उतरवा म्हणत नाही, मानाचा प्रश्न आहे. शून्य घ्या, एवढंच. आणि जमल्यास शेजारी एखादा रकाना वाढवा. पत्र्याचा भाव चढणार हे मला पुरवठादाराच्या 'हॅलो'वरून कळतं. बंद पडायला आलेली लाइन रात्री अकराला चार फोन करून मी चालू ठेवलेली आहे. समोरचे चिडले, पण सकाळी सहाला माल गेटवर होता. हे कुठं लिहायचं?

उत्तराची वाट पाहतो आहे. सध्या वेळ आहे.

आपला आज्ञाधारक,
एक अर्जदार

ता. क. : हे पत्र आपल्याच अर्जातल्या 'इतर काही सांगायचे असल्यास' या जागी टाकत होतो. तिथं अडीचशे अक्षरांची मर्यादा आहे.