ट्रकातलं आणि खांद्यावरचं

"कळलं का? कोपऱ्यावरचे साहेब यंदा वारीला निघालेत."

कुंपणाच्या तारेवर पंचा वाळत घालता घालता काकूंनी बातमी फोडली. मी जास्वंद तोडत होते, हात तिथंच थांबला.

"चालत?"

"मग काय रथात बसून? काल घरी बोलावून खरेदी दाखवली. घोट्याच्या वर येणारे बूट, पाठीला पट्ट्यांनी जखडायची ही एवढी सॅक, तिच्या पोटात पाण्याची पिशवी आणि पिशवीला नळी! चालता चालता नळीनं प्यायचं म्हणे. म्हटलं, साहेब, आळंदी ते पंढरपूर जायचंय, एव्हरेस्टला नव्हे. वाटेत लोक बोलावून बोलावून पाणी पाजतात."

काकूंच्या अकरा वाऱ्या झाल्यात. त्यांच्याच दिंडीत यंदा मीही नाव घातलंय, भिशीचे पैसेही भरलेत. साहेबांना हसताना माझा जीव थोडा वरखाली होत होता, कारण तसलेच बूट मीही दुकानात पाहून ठेवले होते.

"पण बुटांत वाईट काय?"

"उन्हात काही नाही. पाऊस लागला की बूट नव्हे, पायात बादल्या. मोजा ओला, पाय ओला, संध्याकाळी टाचेला रुपयाएवढा फोड. रात्रभर राहुटीत ठेवलेस तरी वाळायचे नाहीत. मागं पट्टा असलेली सँडल घे. घ्यायची तर आत्ताच, आणि रोज भाजीला जाताना घाल. नवी करकरीत चप्पल घालून प्रस्थानाला येतात ना, त्या पुण्यातच लंगडायला लागतात."

"अनवाणी चालणारेही असतात ना?"

"आहेत की. आमच्यातल्या एक मावशी चालतात. त्यांचं पाहून पहिल्या वर्षी मीही चपला काढल्या होत्या. दुपारचं डांबर म्हणजे काय ते अर्ध्या तासात कळलं. गुपचूप घातल्या परत."

साड्यांचं विचारलं. मी सुतीच नेणार होते. आषाढातला दमटपणा, अंगाला बरं. काकूंनी मानच हलवली.

"एक ठेव एकादशीच्या दिवसाला. बाकी नायलॉनची पातळं. सुती भिजलं की ओझं होतं आणि सकाळपर्यंत ओलंच. नायलॉन पिळायचं, एक टोक तू धर, एक मी धरते, चालू लागायचं. दोन-चार अभंग होईतो वाळतं. ड्रेस घातलास तरी कुणी काही म्हणत नाही हल्ली, फक्त ओढणी आवर."

मग त्या कुंपणाला आणखी चिकटल्या आणि आवाज उतरला. "आणि हे कुणाच्या यादीत नसतं म्हणून सांगते. मांड्या काचतात. चांगल्या सोलून निघतात. आतून गुडघ्यापर्यंतची चड्डी घाल, ते सायकलवाले घालतात तसली. आणि खोबरेल रोज पहाटे निघायच्या आधी लावायचं, आग व्हायला लागल्यावर नव्हे. भेगांना कोकमाचं तेल."

जवळजवळ २५० किलोमीटर चालायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मांड्यांचा विचार मी केलाच नव्हता.

"खरी मेख पुढंच आहे," काकू म्हणाल्या. "सामान दोन ठिकाणी असतं. वळकटी, कपडे, ताट-तांब्या ट्रकात. ते मुक्कामाला भेटतं. दिवसभर तुझ्याजवळ फक्त खांद्यावरची शबनम. काय कशात टाकायचं तिथंच माणूस फसतो. माझी दुसरी वारी. पुणे ते सासवड, सगळ्यात लांबचा टप्पा, ३० किलोमीटरच्या वर, आणि एकादशी, म्हणजे पोटात साबुदाणा. दिवे घाटात आभाळ फुटलं. लेकानं घेऊन दिलेला भारीतला रेनकोट कुठं? ट्रकात! ट्रक गेला पुढं."

"मग?"

"भिजले. शेजारच्या बाईनं तिचा प्लॅस्टिकचा कागद ओढून माझ्याही डोक्यावर घेतला. तेव्हापासून मी कागदच नेते. डोक्यावर खोळ होते, विसाव्याला खाली अंथरता येतो, रात्री वळकटीखाली घालता येतो. रेनकोटात तर आतूनच घामानं न्हायला होतं. माझ्या आजेसासूबाई घोंगडीची खोळ घ्यायच्या. तेव्हा शबनममध्ये कागद, पाण्याची बाटली, बीपीच्या गोळ्या, बॅटरी. पहाटे अंधारात जावं लागतं ना. आणि हो, पॉवरबँक."

"तुम्ही नेता?"

"नेते की. जनरेटरपाशी मोबाइल लावायला केवढी रांग असते! चपला मात्र तुटल्या तरी घोर नको. गावोगाव शिवून देणारे बसलेले असतात, पाय चोळून देणारे असतात, पैशाचं नाव काढत नाहीत."

ट्रकातल्या पिशवीला ठळक खूण हवी, हेही निघालं. मुक्कामाला पिशव्यांचा ढीग पडतो आणि निम्म्या पिशव्यांवर एकच पुढारी हात जोडून हसत असतो. काकू जुन्या लाल परकराची चिंधी बांधतात. पहिल्या वर्षी त्या दुसऱ्याच कुणाचं धोतर घेऊन राहुटीत आल्या होत्या म्हणे.

एवढ्यात साहेबच गल्लीतून आले. पायात ते बूट, पाठीला ती सॅक, कपाळावरून घाम निथळतोय. चौथी फेरी होती.

"साहेब, एवढं काय भरलंय?" काकूंनी हाक मारली.

"दहा किलो तांदूळ!" ते धापा टाकत म्हणाले. "सरावासाठी."

"वा! मग ते तेवढे येताना आणा बरं का," काकू म्हणाल्या. "दिंडीच्या ट्रकात टाकू."