कप एक, केसरी तीन

आइस हॉकीवाल्यांचा स्टॅन्ली कप म्हणजे कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी 1892 मध्ये दिलेलं चांदीचं भांडं. 1905 मध्ये ते ओटावाच्या रिडो कालव्यात कुणीतरी लाथाडलं, अशी दंतकथा आहे. 1924 मध्ये मॉन्ट्रियलचे विजेते गाडीचं चाक बदलायला थांबले आणि कप रस्त्याकडेलाच विसरून पुढे गेले. 1972 मध्ये बॉस्टनचं नाव कोरताना ‘ओ’च्या जागी ‘क्यू’ ठोकला गेला.

आपण इतके गबाळे नाही. निर्जीव भांड्याला लाथ मारून काय मिळणार? फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत ती थेट पंचांनाच बसली. दोन मल्लांवर 3 वर्षांची बंदी आली.

शिवाय त्यांच्याकडे वर्षाला विजेता एकच, आणि कपही परत करायचा! आपली चांदीची गदा कायमची पैलवानाच्या घरी जाते. टंचाईही नाही. 2023 या एका वर्षात महाराष्ट्र केसरी तीनदा ठरला: जानेवारीत पुण्यात, नोव्हेंबरमध्ये फुलगावला आणि पुन्हा धाराशिवला. कुस्तीची संघटना फुटली की किताबालाही पालवी फुटते.

अहिल्यानगरच्या त्या लाथेनंतर दहा दिवसांनी माघ पौर्णिमा होती. या पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला यात्रेसाठी राज्याराज्यांतून गोंड भाविक येतात, गुहेपर्यंत डोंगर चढतात, दर्शन घेऊन उतरतात. पहिला कोण पोचला, याची नोंद कुणी ठेवत नाही. गदा नाही, पंच नाही. गदा द्यायला येणारे पुढारी मात्र तिथंही येतात. द्यायला काही नसलं, तरी हार घ्यायला मान मोकळी असतेच.