पोळ्या कोण लाटणार?

आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि खात्यात जमा झालेली रक्कम बघून त्यांना वाटू लागलं, मराठी माणसानं आता धंद्यात उतरायलाच हवं. ती जमा होण्याआधी तीस वर्षं हा कळवळा कुठे होता, हे शेजारधर्म पाळून विचारलं नाही. धंदा ठरला पोळी-भाजी केंद्राचा. नाव ठरलं, पाटीचा रंग ठरला, ‘आमची कुठेही शाखा नाही’ हे पाटीवरचं वाक्यसुद्धा ठरलं. राहिला फक्त भागीदार. म्हणून जिन्याखालच्या फळ्यावर कागद लागला : ‘पाहिजे – होतकरू, निर्व्यसनी व प्रामाणिक भागीदार. भांडवल रु. 5 लाख. पहाटे उठण्याची सवय आवश्यक. पूर्वानुभव असावा, पण त्याचा आग्रह नसावा.’

थोडक्यात, स्वतःचा पगार घरून घेऊन येणारा नोकर पाहिजे.

कागद बघून पहिले आले निवृत्त बँक अधिकारी. ते भांडवल म्हणून मार्गदर्शन घालणार होते. मुद्रा योजनेची सगळी वर्गवारी त्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवली. शिशु 50 हजारांपर्यंत, किशोर 5 लाखांपर्यंत, तरुण 10 लाखांपर्यंत, आणि तरुणचं कर्ज नीट फेडलं तर तरुण प्लस, 20 लाख. साठीला टेकलेल्या आमच्या गृहस्थांना शिशु गटात अर्ज करायची कल्पना फारशी रुचली नाही. दुसरा आला गाळ्याचा मालक. त्याला निम्मी भागीदारी हवी होती. भाडं वेगळं, डिपॉझिट त्याहून वेगळं. तिसरा मुलगा लॅपटॉप घेऊन आला. त्यानं पहिली पोळी तव्यावर पडायच्या आत चाळीस शाखा काढून दाखवल्या आणि या कल्पनेचे तीस टक्के मागितले. पाटीवरच्या वाक्याचं काय करायचं, एवढाच प्रश्न त्याला सुटला नाही.

चौथा मेव्हणा. तो काही मागत नव्हता, देतही नव्हता. पाच लाखांतले दोन आत्ता आणि तीन दिवाळीनंतर, असं त्याचं म्हणणं. कुठली दिवाळी, ते अजून उघड झालेलं नाही.

एका रविवारी या सगळ्यांची बैठक गृहस्थांच्या घरी भरली. मलाही बोलावणं होतं. पेपरात लिहिणारा माणूस म्हणजे फुकट जाहिरात, असा एक समज आहे. स्वयंपाकघरातून ताटं येत होती. घडीची पोळी, चांगली पापुद्रे सुटलेली, वर तुपाचा हात. बँकवाल्यांनी दोन बोटांत पोळी उकलून पदर मोजले. लॅपटॉपवाल्यानं फोटो काढला. गाळेवाला पाचव्या पोळीला म्हणाला, ‘क्वालिटी हीच ठेवायची, यात तडजोड नाही.’ मग दर, डबे, प्लास्टिकबंदी, नफ्याची टक्केवारी असं सगळं तावातावानं निघालं. किलोभर कणकेच्या पस्तीसेक पोळ्या धरायच्या की चाळीस, यावर तर वीस मिनिटं गेली. मी मध्येच विचारलं, ‘पण पोळ्या कोण लाटणार?’

सगळे जरा दचकले. गृहस्थ म्हणाले, ‘त्या काय, होतील.’ मेव्हणा म्हणाला, ‘ताई आहे की!’ आणि चर्चा परत टक्केवारीवर गेली.

भागीदार म्हटलं की मला फाळके आठवतात. चित्रपटांच्या आधी दादासाहेब छपाईच्या धंद्यात होते. लोणावळ्याला काम सुरू केलं, पुढे ते मुंबईत आणलं, भागीदारीत बिनसलं आणि ते बाहेर पडले. बिनसलं नसतं तर जन्मभर उत्तम ब्लॉक करत बसले असते आणि 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आलाच नसता. त्या भांडणाचं एक छोटं स्मारक उभारायला हरकत नाही. पुढे 1918 मध्ये मुंबईच्या धनिकांबरोबर त्यांनी नाशिकला कंपनी काढली. तिथेही खटके उडाले आणि दादासाहेब काशीला निघून गेले, तिथे बसून ‘रंगभूमी’ नाटक लिहिलं. पत्नी सरस्वतीबाईंशी मात्र धंद्यावरून त्यांचं बिनसल्याचं ऐकिवात नाही. दागिने त्यांचे गहाण पडले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांनी रांधला आणि वर फिल्मला भोकं पाडायचं कामही केलं. हिस्सा मागितल्याचंही ऐकिवात नाही.

नाही म्हणायला, बरी म्हणावी अशी भागीदारी कोल्हापुरात 1929 साली झाली. ‘प्रभात’मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम हे चौघे बाबूराव पेंटरांच्या कंपनीत राबून तयार झालेले, आणि पाचवे सीताराम कुलकर्णी, पैसा उभा करणारे. चार राबणारे, एक पैसेवाला. तरी 1942 मध्ये शांतारामबापू वेगळे झालेच. आमच्या गृहस्थांकडे चार सल्लागार जमले होते. राबणारा शून्य आणि पैसेवाला दिवाळीनंतर.

शेवटी मेव्हण्याचं नाव पक्कं झालं. ‘घरातलाच आहे, कागद कशाला?’ असं गृहस्थ म्हणू लागले, तेव्हा बँकवाल्यांचं मार्गदर्शन पहिल्यांदा आणि शेवटचं उपयोगी पडलं. त्यांनी 1932 चा भागीदारी कायदा काढला. करारात वेगळं ठरलं नसेल तर नफा आणि तोटा समसमान. म्हणजे पाच लाख घालणारा आणि ‘दिवाळीनंतर’वाला एकाच पंगतीला. पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार इतरांबरोबर आणि एकटाही जबाबदार. म्हणजे मेव्हण्यानं भुसारवाल्याकडून उधारीवर गहू उचलला तर भुसारवाला थेट गृहस्थांच्या फ्लॅटची बेल वाजवू शकतो. पेढीची नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसेल तर थकलेल्या डब्यांच्या पैशांसाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही. गृहस्थांचा चेहरा उतरत गेला. मेव्हण्याचा मात्र समसमान हा शब्द ऐकल्यापासून खुलला होता.

मग वकील गाठले. मसुदा मी वाचला, चांगला जाडजूड. नाव कुणाचं राहणार, भांडण झालं तर लवाद कोण, एक भागीदार गेला तर त्याच्या वारसांचं काय, गुडविलची किंमत कशी काढायची, सगळं होतं. (गुडविल म्हणजे अजून न विकलेल्या पोळ्यांची ख्याती.) दोघेही ‘कार्यकारी भागीदार’, म्हणून दोघांनाही दरमहा मानधन. कोणतं कार्य, त्याचा उल्लेख नव्हता. पोळी हा शब्द अख्ख्या कागदात एकदाच, धंद्याचं स्वरूप सांगताना.

‘वहिनींना तिसऱ्या भागीदार करा ना, कायद्यात काही अडचण नाही,’ मी म्हटलं. गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘अहो, तिला कशाला या व्यवहाराच्या कटकटीत? तिला पहाटे साडेचारला उठायचं असतं.’

तरी वहिनींचं नाव करारात आलं. शेवटच्या पानावर, साक्षीदार क्रमांक 2. सहीला बोलावलं तेव्हा आतून आवाज आला, ‘पाच मिनिटं, तव्यावर आहे.’ पाच मिनिटं थांबलो. त्या पदराला हात पुसत आल्या, तरी बोटांना कणीक होतीच. पाचशेच्या स्टॅम्प पेपरला डाग नको म्हणून मेव्हण्यानं चटकन पुढे होऊन कागद दोन्ही हातांनी घट्ट धरला. पेढीसाठी त्यानं केलेलं ते पहिलं काम. यानंतरचं दिवाळीनंतर.