पट्टा कुणाचा, गळा कुणाचा

आमच्या घोडनदीच्या भागात खिळ्यांचा पट्टा पूर्वी फक्त धनगराच्या कुत्र्याला असायचा. बिबट्या आधी नरडं धरतो, म्हणून. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला तोच पट्टा आता बायाबापड्यांच्या गळ्यात आलाय आणि कुत्रं घरात, आतून कडी लावून. आत्मनिर्भर व्हा म्हणत होते, झालो.

गोष्ट हसण्यावारी नेण्याची नाही, हे ठाऊक आहे. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात महिन्याच्या आत या गावात आणि आसपास बिबट्याच्या हल्ल्यात तीन जीव गेले, त्यात दोन लेकरं. लोकांनी वनखात्याची गाडी पेटवली, पुणे-नाशिक रस्ता अडवला. मग पिंजरे आले, नेमबाज आले. सूचना तर आधीपासूनच होत्या: एकटं फिरू नका, काठीला घुंगरू बांधा, मोबाइलवर गाणी लावा.

डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनाला जुन्नरचे आमदार शरद सोनवणे बिबट्याच्या वेशात आले. वनमंत्री गणेश नाईकांनी हिशेब मांडला: चार माणसं गेली की भरपाईचे एक कोटी जातात, त्यापेक्षा कोटीच्या शेळ्याच जंगलात सोडू. हिशेब चोख. फक्त बिबट्याला कळवायचं राहिलं. तो उसात जन्मला, उसात वाढला. जंगल कुठल्या बाजूला आहे हे शेळ्यांनीच येऊन सांगावं लागणार.

आमच्या काकूचा पट्टा रेक्झिनचा. खुरपायला वाकली की खिळा हनुवटीला टोचतो. मंगळसूत्र त्यात अडकतं म्हणून काढून डब्यात ठेवलंय. म्हणजे सौभाग्य डब्यात आणि काका उसात. "हिला मान खाली घालता येत नाही," असं मी हळहळून म्हटलं, तर काका म्हणाले, "आधी कुठं घालत होती?"

दौंडच्या साडूंचा फोन आला. भीमाकाठीही ऊसच, त्यामुळे पाहुणाही तोच. त्यांनी पोरीच्या लग्नाला पंचांग बघितलं नाही, मोटरच्या लाईटचं वेळापत्रक बघितलं. रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात सगळे पाणी द्यायला शेतात, मांडवात पुरुषमाणूस दिसायचा नाही, म्हणाले.

परवा आमची लाईट रात्रीची होती. दारं धरायला एक, राखणीला तिघं. काकांनी मोबाइलवर हरिपाठ लावला, पुतण्यानं लावणी. बिबट्या नेमका कशाला भितो, यावर बांधावर अर्धा तास खल झाला. लावणीला तो थांबेल, असं काका म्हणाले. हरिपाठाला झोपेल, असं पुतण्या.

शेवटी बॅटऱ्या, काठ्या, घुंगरं, पट्टे, सगळा लवाजमा विहिरीवर पोचला. मोटर चालू केली. पाणी पहिल्या सरीत शिरलं आणि लाईट गेली.

मग काय, आगटी पेटवली, कणसं खुपसली. गळ्यातले पट्टे काढून बाजूला ठेवले, कारण हुरडा खाताना मान मोकळी लागते. गेल्या महिन्यात इतकं हसलो नव्हतो. तेवढ्यात काकूचा फोन आला.

"लवकर या घरी. कुत्रं घाबरलंय."