एका सरीपायी

आमच्या वस्तीशेजारचा चर बुजवणारे दादा,



परवा बांधावर गाठ पडली तेव्हा तुम्ही माझ्या गोठ्यापुढचा चिखल बघितलात आणि म्हणालात, "अहो, दोन ट्रॉल्या मुरूम टाका की! किती दिवस रेंद्यातनं फिरणार?" हा सल्ला तुम्ही जूनपासून चौथ्यांदा दिलाय. मे महिन्यात ज्यानं चर बुजवला त्यानंच ऑगस्टमध्ये मुरूम सुचवायचा, याला छाती लागते. म्हणून हे पत्र उघडं लिहितोय. गावानंही वाचावं.

मुरूम कशाला लागतो आणि कशानं जातो, ते आधी सांगतो. गोठ्यापुढचं ते आवार मी सहा वर्षांपूर्वी केलं. 40 बाय 50 फूट. वरची काळी माती हातभर उपसली, खाली 9 इंच डबराचं सोलिंग केलं. नुसत्या सोलिंगलाच 15 ब्रास डबर गेलं. फटींत खडी ठोकली, वर मुरूम पसरला, पाणी मारून रोलर फिरवला. सगळा उतार चराकडे दिला, 40 फुटांत दीड फूट. गोठ्याच्या पत्र्याची पन्हळही चरातच सोडली आणि चर ओढ्याला मिळालेला होता. तो चर काही मी काढलेला नाही, तुमच्या-माझ्या आज्यांनी काढलेला. दोन फूट रुंद, दीड फूट खोल.

सहा वर्षं ते आवार दगडासारखं राहिलं, कारण मी त्याच्या मागे राहिलो. मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की जमीन ओलसर असतानाच ट्रॅक्टरला ब्लेड लावायचं आणि चाकांनी कडेला फेकलेला मुरूम परत आत ओढायचा. कोरड्यात हे केलं तर मुरमातला बारीक भुगा धूळ होऊन उडतो, नुसते खडे उरतात आणि ते जनावरांच्या खुरांना टोचतात. शेण रोजच्या रोज काढायचं, कारण शेण पाणी धरून बसतं. खड्डा पडला तर त्यात नुसते दगड भरायचे नाहीत. आधी पाणी उपसायचं, चिखल काढायचा, कडा उभ्या छाटायच्या, मग थराथरानं भरून धुमसायचं. हे सगळं मी केलं. एक गोष्ट मात्र माझ्या हातात नव्हती. ती तुमच्या हातात होती आणि तुम्ही ती जेसीबीच्या बकेटखाली घातलीत.

दादा, भार मुरूम पेलत नाही, दगडही पेलत नाही. भार पेलते खालची माती, आणि तीही कोरडी असेल तरच. सरकारी रस्त्याच्या अंदाजपत्रकात खडीकरणाला 'वॉटर बाऊंड मॅकॅडम' म्हणतात. तो मॅकॅडम म्हणजे स्कॉटलंडचा जॉन मॅकॅडम. 1816 साली तो इंग्लंडात ब्रिस्टलच्या रस्त्यांचा सर्व्हेअर झाला आणि त्यानं जन्मभर हेच सांगितलं: मूळ जमीन कोरडी ठेवा, वरची खडी हे तिचं छप्पर. आपली कृष्णाकाठची काळी जमीन तर पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर पाणी साचवून ठेवणं म्हणजे लोण्यावर पाटा ठेवणं.

माझ्या गोठ्याचा पत्रा 1200 चौरस फूट आहे. त्यावर 25 मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण 2,800 लिटर पाणी खाली येतं. पूर्वी ते चरानं ओढ्याला जायचं. आता ते चर बुजवून काढलेल्या तुमच्या नव्या सरीला अडतं आणि माझ्या आवारात मागं फिरतं. एकदा येऊन जवळून बघा. ट्रॅक्टरचं चाक फिरलं की दगडांच्या फटींतून शाईसारखा काळा चिखल वर उसळतो. चाक पुढं गेलं की दगड खाली आणि माती वर. तुम्ही म्हणता त्या दोन ट्रॉल्या टाकल्या, तर गणपतीपर्यंत त्याही पोटात जातील.

माझी पाडी गेल्या आठवड्यापासून पुढचा उजवा पाय टेकत नाही. खुराच्या बेचक्यात जखम झालीय. डॉक्टरांनी धुऊन औषध लावलं आणि सांगितलं, जनावर कोरड्यात बांधा. मी त्यांना आवार दाखवलं. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी तिला वैरण टाकायला गेलो, तर ती तीन पायांवर वळून माझ्याकडे बघत उभी राहिली. त्या क्षणी मला तुमचा मुरमाचा सल्ला आठवला, आणि जे मनात आलं ते इथं लिहिता येत नाही.

बरं, मिळालं काय? 300 फूट लांबीची एक सरी. साडेचार फुटांची सरी धरली तर 1350 चौरस फूट. एकरी 40 टनांचा उतारा पडला तरी सव्वा टन ऊस. तोही आडसाली, म्हणजे तुटायला दीड वर्ष. सव्वा टनासाठी तुम्ही दोन पिढ्यांचा चर, शेजाऱ्याचं 15 ब्रास डबर आणि एका मुक्या जनावराचा पाय पणाला लावलात.

मला कोर्टाची हौस नाही. पण 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचं 5 वं कलम मी वाचून ठेवलंय. शेजारच्या शेतात जाणाऱ्या नैसर्गिक पाण्याची वाट अडवून नुकसान केलं, तर तो अडथळा तहसीलदार काढायला लावू शकतात. दावा सहा महिन्यांत करावा लागतो. चर बुजला मेमध्ये, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत माझ्याकडे वेळ आहे.

त्याआधी रविवारी सकाळी सात वाजता मी खोरं आणि टिकाव घेऊन चराच्या तोंडाशी येतोय. तुमची ट्रॉली जिथून वळते तिथं 12 इंची सिमेंटचा पाइप माझ्या खर्चानं टाकतो, वर डबर-मुरूमही मीच भरतो. त्या सरीतला ऊस उपटून तुम्हीच बाजूला लावा, माझा हात त्याला लागणार नाही. तुमच्या दारात जादा खोरं आहे, ते घेऊन या.

तुमचा शेजारी

ता. क. मुरूम मी टाकणारच आहे. चर वाहता झाल्यावर.