मामा, कॅमेऱ्याकडे बघू नका

मेकॅनिकल डिप्लोमाच्या मुलाला शॉर्टफिल्मच्या टीममध्ये घेतात ते ट्रायपॉडचा सैल झालेला स्क्रू आवळायला. बाकीच्यांकडे 'व्हिजन' असतं, आपल्याकडे पाना. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती.

स्पर्धा ४८ तासांची. शुक्रवारी संध्याकाळी चिठ्ठी उचलून विषय घ्यायचा, रविवारी संध्याकाळी फिल्म जमा करायची. शनिवारची दुपार झाली तरी नायकाला शेवटी मारायचं की नाही हा वाद मिटला नव्हता. लोकेशन म्हणून वर्कशॉप ठरलं, कारण ते फुकट होतं. पहिल्याच शॉटमध्ये चित्रावरून काळे पट्टे सरकायला लागले. दिग्दर्शकाने कॅमेऱ्याला दोष दिला, कॅमेरावाल्याने नशिबाला. इलेक्ट्रिकलचा एक मित्र मागे वडापाव खात होता. "जुनी चोकवाली ट्यूब आहे. मेन्स ५० हर्ट्झचा, म्हणजे ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकणार. शटर १/५० वर ठेव." ठेवलं. पट्टे गेले. तो पुन्हा वडापावकडे वळला.

पट्ट्यांवर इलाज होता, वर्कशॉपच्या मामांवर नव्हता. त्यांना कामगाराची भूमिका दिली होती. "मामा, कॅमेऱ्याकडे बघू नका" म्हटलं की ते थेट कॅमेऱ्यात बघून सांगायचे, "नाही बघत." फाळक्यांची थोरवी मला त्या रात्री पटली. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ साली, त्यांनी वाटाण्याचं रोप कसं वाढतं यावर छोटी फिल्म केली, भांडवल देणाऱ्याला दाखवायला. लोक त्यातल्या चिकाटीचं कौतुक करतात. मला नटाची निवड थोर वाटते. वाटाणा कॅमेऱ्याकडे बघत नाही आणि मध्येच चहाला जात नाही.

बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी फक्त विचारलं, मागे सतत तो आवाज कसला? कॉम्प्रेसरचा होता. "नायकाच्या मनातली खळबळ," दिग्दर्शक म्हणाला.

मग मी पोर्ट्रेटकडे वळलो. तिथे निदान माणूस एका जागी बसतो. आमच्या खात्याला फोटोग्राफीचं वावडं नसावं, असंही मनात होतं: राजा दीनदयाळ रुडकीच्या थॉमसन कॉलेजात अभियांत्रिकीच शिकले, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि पुढे निजामाचे छायाचित्रकार झाले. हे विभागप्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यांची अटेंडन्स भरलेली असणार."

स्टुडिओ शोधावा लागला नाही. वर्कशॉपचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, काचा उत्तरेला. थेट ऊन नको म्हणून. चित्रकार ज्या उजेडासाठी घरं बदलायचे तो आमच्या लेथवर फुकट सांडत असतो. उजेड तिरका वरून, दुसऱ्या बाजूला थर्माकोल, की अंधारातल्या गालावर प्रकाशाचा छोटा त्रिकोण उमटतो. रेम्ब्राँच्या चित्रांत असतो तसा. मामांना बसवलं. त्यांनी केस विंचरले, वरचं बटण लावलं, ओळखपत्र सरळ केलं. "आता कॅमेऱ्याकडे बघा."

मामा लेथकडे बघायला लागले. फर्स्ट इयरच्या एका मुलाने चकमधली किल्ली न काढताच स्विचकडे हात नेला होता. मामांनी त्याच्या खानदानाचा उद्धार केला आणि मी बटण दाबलं.

फोटोला दुसरं बक्षीस मिळालं. 'श्रमिकाच्या चेहऱ्यावरची वेदना', असा परीक्षकांचा शेरा. प्रिंट मामांना दिली. त्यांनी ती लांब धरून पाहिली.

"बरा आलाय. पण कॅमेऱ्याकडे बघितलेलं नाही रे. आधारला चालायचा नाही."