ठासणीकर

ठासणीकर हे कुणाचं आडनाव नाही. ती एक जात आहे आणि तिच्यात प्रवेश जन्माने नव्हे, निवृत्तीने मिळतो. छत्रपती संभाजीनगरची हवा या जातीला चांगली मानवते. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, आगेमागे चिकलठाणा आणि वाळूजच्या एमआयडीसीत लहानमोठी वर्कशॉपं उभी राहिली आणि मायक्रॉनमध्ये विचार करणारी एक अख्खी पिढी या गावात तयार झाली. ती पिढी साठीला आली आणि घरी बसली. हात मात्र बसायला तयार होईनात. कुणी गच्चीवर दुधी भोपळा लावला, कुणी सकाळी सिद्धार्थ उद्यानात सामुदायिक हसायला जाऊ लागलं आणि उरलेल्यांतल्या एकाने एका रात्री मोबाइलवर कुणा अमेरिकन आजोबांना अक्रोडाच्या लाकडातून बंदुकीचा दस्ता कोरताना पाहिलं. झालं. दुसऱ्या दिवशी चहाबरोबर घोषणा झाली : ‘मी ठासणीची बंदूक करणार. घरी, जुन्या पद्धतीने.’ घरच्यांनी ती मागच्या वर्षीच्या सौरचुलीच्या घोषणेइतक्याच शांतपणे ऐकून घेतली.

ठासणीची बंदूक म्हणजे तोंडातून दारू आणि गोळी घालून गजाने ठासायची, कानाशी, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या भोकापाशी, रंजक ठेवायचं आणि ठिणगी द्यायची. ठिणगी जळत्या तोड्याने दिली तर ती तोड्याची आणि घोड्यात धरलेल्या गारेने दिली तर चकमकीची. ही माहिती अर्ध्या मिनिटात संपते. ठासणीकरांकडून घ्यायची तर दोन तास लागतात, कारण ते काहीही सांगतात ते ठासूनच. बंदूक आणि रायफल एक नव्हे, हे ते पहिल्याच भेटीत बजावतात : नळीला आतून पीळ पाडलेला असेल तरच रायफल, आणि त्या पिळामुळेच गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. ठासणीकर स्वतःही पिळाचे असतात, पण मुद्द्यावर सरळ जाणं त्यांना जमत नाही. पाहुण्यांना दौलताबादला नेलं की पाहुणे मेंढा तोफेच्या शेपटाकडच्या मेंढ्याच्या तोंडाशी फोटो काढतात, ठासणीकर तोफेच्या कानात बोट घालून भोकाचा अंदाज घेतात. अजिंठ्याच्या पायथ्याशी फेरीवाले चकाकते दगड विकतात. सगळे दिवाणखान्यात शोभेलसा दगड मागतात, हे गृहस्थ ‘ठिणगी पाडणारी गारगोटी आहे का’ म्हणून विचारतात. आणि गॅलरीत उभं राहून फोनवर ‘दारू कोरडीच हवी, ओली झाली की सगळं वाया’ असं ते मोठ्याने सांगू लागले, की सोसायटीच्या चेअरमनना त्यांच्याविषयी उगाच आपलेपणा वाटू लागतो.

एवढ्यावरून कुणालाही वाटेल की या माणसाला बंदूक हवी आहे. माझं म्हणणं नेमकं उलट आहे : ठासणीकरांना बंदूक नकोच असते, त्यांना हवं असतं ते काम. पुरावे साधे आहेत. बार उडवायची हौस असती, तर ते रायफल क्लबात गेले असते. महाराष्ट्रात नेमबाजीची परंपरा आहे; कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं. साऱ्या महाराष्ट्राने पेढे वाटले. ठासणीकरांना हळहळ एवढीच, की हल्लीच्या रायफलींना लाकडाचा दस्तासुद्धा राहिला नाही. दुसरा पुरावा, त्यांनी निवडलेलं हत्यार. कवायती फौजेतला तरबेज शिपाईसुद्धा चकमकीच्या बंदुकीतून मिनिटाला फार तर तीन-चार बार काढी, आणि तेही हवा कोरडी असली तर. ज्याला खरोखर काही मारायचं आहे तो असलं हत्यार कशाला निवडेल? तिसरा पुरावा बंदुकीच्या नळीचा. ठासणीकरांच्या बंदुकीला नळीच्या जागी असते भरीव लोखंडी सळई. आत भोक नाही, पीळ नाही, कान नाही. अख्ख्या बंदुकीत उणीव एकाच गोष्टीची : पोकळीची. पण त्या सळईसाठी दस्त्यात खोबण कोरायला त्यांना सहा महिने लागतात. सळईला काजळ फासायचं, लाकडावर दाबायची, उचलायची. जिथे काळा डाग उमटला तिथे पटाशीने कागदाइतका पापुद्रा काढायचा. पुन्हा काजळ, पुन्हा डाग. शेवटी सळई खोबणीत अशी बसली पाहिजे की मध्ये पोस्टकार्डसुद्धा शिरू नये. मग जवसाच्या तेलाचा हात. एक थर, चार दिवस वाळवण, पुन्हा एक थर. त्या काळात घरी जवसाची चटणी कुटायला घेतली तर ‘जवस संपवू नका’ अशी सूचना स्वयंपाकघरात जाते. तेल बाटलीतलं आणि चटणी डब्यातली, दोहोंचा काही संबंध नाही, हे त्यांना सांगण्यात अर्थ नसतो.

यावर पहिला आक्षेप इतिहासप्रेमींचा. ते म्हणतात, हौस कसली, हे तर परंपरेचं जतन आहे. ठासणीकरांनाही ही पदवी आवडते, पण पुरावा त्यांच्या बाजूचा नाही. जुन्या काळी एकट्याने घरी बसून बंदूक सहसा कुणी करत नसे. नळी घडवणारा लोहार वेगळा, दस्ता करणारा सुतार वेगळा, चाप-घोडा जुळवणारा वेगळा. इंग्लंडात बर्मिंगहॅमचा बंदूकधंदा तर डझनावारी कसबांत वाटलेला होता. महादजी शिंद्यांसाठी आग्र्यात सँगस्टर नावाच्या स्कॉट माणसाने तोफा-बंदुका घडवल्या. तिथली बंदूक दहा रुपयांत पडे अशी नोंद आहे. पण तोही कारखानाच होता, सँगस्टर काही गच्चीवर कानस घेऊन बसला नव्हता. जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्या वेलस्लीची शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी गाठ पडली, तेव्हा शिंद्यांच्या तोफांनी इंग्रजांची दाणादाण उडवली होती. लढाई हरली, पण ती तोफा वाईट होत्या म्हणून नव्हे. या साऱ्यामागे शेकडो हात होते. एकट्याने सगळं करण्याचं वेड हे कारखाने आल्यानंतरचं, म्हणजे अगदी आधुनिक आहे. अमेरिकेत विल्यम्सबर्गच्या वॉलेस गस्लरने अठराव्या शतकातली रायफल लोखंडाच्या पट्टीपासून एकट्याने घडवून दाखवली, तेव्हा १९६९ साली त्यावर माहितीपट निघाला. पूर्वी सर्रास एकटी माणसंच बंदुका करत असती, तर त्यावर माहितीपट कशाला काढला असता? जन्मभर सीएनसी मशिनला प्रोग्रॅम देणाऱ्याला निवृत्तीनंतर एकदा तरी अख्खी वस्तू, पहिल्या छिलक्यापासून शेवटच्या पॉलिशपर्यंत, आपल्या हातची हवी असते. ठासणीकर परंपरा जपत नाहीत. कारखान्याने तुकड्यातुकड्यांनी घेतलेलं आपलं कसब व्याजासह परत मागतात.

दुसरा आक्षेप खुद्द ठासणीकरांचा, आणि तो कायद्यावर आहे. तिकडे १९६८च्या अमेरिकी बंदूक कायद्याने ठासणीच्या बंदुकांना जवळजवळ मोकळं सोडलं आणि तिथले आजोबा टपालाने सुटे भाग मागवतात; इकडे १९५९च्या शस्त्र कायद्यातलं कलम ५ परवान्याशिवाय अग्निशस्त्र बनवायला, बदलायला, दुरुस्त करायला, इतकंच काय तपासून पाहायलाही बंदी घालतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम २५ खाली शिक्षा किमान सात वर्षं, वाढत जाऊन जन्मठेप. ‘सात वर्षं? माझा दस्ताच सात वर्षांत व्हायचा नाही!’ हे ते दुःखाने म्हणतात. मग कलम ४५ काढतात : कालबाह्य बनावटीच्या हत्याराला सूट आहे. सूट आहे, पण दुरुस्त करूनही जे वापरता येणार नाही अशालाच. पैठणीवर शंभर वर्षांपूर्वीचं नक्षीकाम काढलं म्हणून कालच विणलेली पैठणी आजीची होत नाही. जुन्या घाटाची नवी बंदूकही नवीच. उद्या दारात फौजदार उभे राहिले आणि ठासणीकर म्हणाले, ‘साहेब, ही अठराव्या शतकातली पद्धत आहे,’ तर उत्तर येईल, ‘काका, आमच्याकडे अठरावं शतक नाही, पंचविसावं कलम आहे.’ आणि साहेबांचं चुकणार नाही. कोकणात ठासणीच्या बंदुका शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर असतात आणि विनापरवाना सापडल्या तर शिकारीच्या गुन्ह्यातही दिसतात. ती शोभेची वस्तू नव्हे. शिवाय बार नळीच्या बंद टोकाला फुटतो, आणि त्या टोकाला नेम धरणाऱ्याचा डोळा असतो. म्हणून तर इंग्लंडात १८१३ साली कायदा करून बर्मिंगहॅमला नळ्या तपासण्याची स्वतंत्र संस्था उभी करावी लागली. मायक्रॉनचा हिशेब जाणणाऱ्या माणसाला हे कळतं. म्हणूनच सळई भरीव असते. त्या न पाडलेल्या भोकात सरकारचा धाक आहे, तसा टूलरूममधला शहाणपणाही आहे.

तिसरा आक्षेप शांततावाद्यांचा : हत्याराची आवड म्हणजे हिंसेची आवड. एरवी ती असेलही, पण ठासणीकरांना क्रांती चौकात पाहावं. १८५७च्या उठावाची चर्चा निघाली की एन्फील्ड रायफल हीसुद्धा ठासणीचीच, काडतूस दाताने तोडून दारू नळीत ओतावी लागे, चरबीचा वाद तिथून पेटला, हे सगळं ते ठासून सांगत येतात. पण जवळच्या काला चबुतऱ्याशी, जिथे त्या उठावातल्या सैनिकांना देहान्ताची शिक्षा झाली, तिथे आवाज आपोआप खाली येतो. नळीच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो, याचा त्यांना कधी विसर पडत नाही. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणारे गावात पुष्कळ आहेत. ठासणीकरांची बंदूक त्यांच्याच वर्कबेंचच्या शिकंज्यात अडकलेली असते आणि तिच्यापासून धोका असलाच तर गालिच्यावर पडणाऱ्या भुश्शाचा.

शेवटचा आक्षेप शेजाऱ्यांचा, आणि तो सगळ्यात झोंबणारा : न उडणारी बंदूक म्हणजे फुसका बार, मग एवढी वर्षं कशात घालवली? याला एकच उत्तर आहे, आणि ते खंडेनवमीला मिळतं. त्या दिवशी वाळूजच्या कारखान्यांत लेथला, प्रेसला, मिलिंग मशिनला झेंडूच्या माळा पडतात. शस्त्रपूजेचा दिवस इथल्या कामगाराने कधीच हत्यारांच्या पूजेचा करून टाकला आहे, कारण मराठीत शस्त्र आणि अवजार या दोघांना मिळून हत्यार हा एकच शब्द पुरतो. ठासणीकरही त्या दिवशी पाट मांडतात. पाटावर कानस, पटाशी, रंधा, व्हर्नियर. प्रत्येकाला हळदकुंकू, वर एकेक फूल. बंदूक शेजारी भिंतीला टेकवलेली. नातू विचारतो, ‘आजोबा, बंदुकीची पूजा नाही?’ ठासणीकर दस्त्यावरून अंगठा फिरवतात, एका जागी थबकतात आणि पाटावर नुकतंच कुंकू लावलेली पटाशी पुन्हा उचलतात. ‘अरे, अपुऱ्या मूर्तीची पूजा करतात का?’